दोन वर्षं कशाच्या जोरावर? फिजिशियन असोसिएटच्या प्रशिक्षणाचा इतिहास



जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांत पदवी घेतलेल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी एक वाट खुणावते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करायचा आणि फिजिशियन असोसिएट, म्हणजे पीए, व्हायचं. रुग्णाची विचारपूस करायची, त्याला तपासायचं, काय झालं असेल याचा अंदाज बांधायचा, उपचार सुचवायचे आणि हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. नीट नको, एमबीबीएसची साडेपाच वर्षं नकोत. मी स्वतः एमएस्सी करून पीएचडीकडे वळलेय, त्यामुळे या वाटेचं आकर्षण मला चांगलंच कळतं.

पण हा लेख करिअरच्या सल्ल्याचा नाही. संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्यायला हवी: समोर एखादा आकडा आला की तो कुठून आला हे विचारायची. पीएच्या प्रशिक्षणात तो आकडा आहे 'दोन वर्षं'. १९६५ मध्ये अमेरिकेत तो ठरला, पुढे देश बदलले, विद्यार्थी बदलले, कोर्सचं नाव दोनदा बदललं, तरी आकडा जवळपास तोच राहिला. माझं म्हणणं असं की या व्यवसायावर आज ब्रिटनमध्ये जे वादळ उठलंय, त्याचं एक मोठं कारण या न बदललेल्या आकड्यात आहे. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने बघू.

ड्यूक, १९६५: चौघं जण

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड हे वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. डॉक्टरांचा तुटवडा होता, खेड्यांत तर फारच. १९६५ मध्ये त्यांनी दोन वर्षांचा एक कोर्स सुरू केला. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती? फक्त चार. चौघंही अमेरिकी नौदलातून बाहेर पडलेले वैद्यकीय सहायक, ज्यांना तिकडे कोअरमन म्हणतात. त्यातले तिघं ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले. ही पीएंची पहिली पदवीदान तारीख आणि योगायोग असा की तो स्टेड यांचा वाढदिवसही होता.

आता हे कोअरमन म्हणजे कोण, ते नीट समजून घ्या. नौदलात त्यांचं स्वतंत्र वैद्यकीय प्रशिक्षण झालेलं असे. जखमा शिवणं, सलाईन लावणं, औषधं देणं, आजारी माणूस बघून 'हा गंभीर आहे की नाही' हे ओळखणं, ही कामं त्यांनी केलेली असत. अनुभवी कोअरमनला तर डॉक्टर नसलेल्या जहाजावर एकट्याने आजारी लोकांना सांभाळावं लागे. नोकरी सोडून गावी परतल्यावर मात्र या अनुभवाला नागरी रुग्णालयात काही किंमत नव्हती. तिथे त्यांच्या वाट्याला फार तर ऑर्डर्लीचं काम येई.

म्हणजे स्टेड यांच्याकडे आलेला विद्यार्थी कोरी पाटी नव्हता. हात तयार होते, नजर तयार होती, शास्त्र कच्चं होतं. दोन वर्षांत ते शास्त्र द्यायचं आणि नागरी रुग्णालयाची शिस्त लावायची, एवढंच उरलं होतं. दोन वर्षं हा आकडा या माणसासाठी बेतलेला होता.

स्टेड यांच्या डोळ्यासमोर आणखी एक नमुना होता. त्याच राज्यातल्या गारलंड नावाच्या छोट्या गावात एमॉस जॉन्सन हे जनरल प्रॅक्टिशनर होते आणि त्यांच्याकडे हेन्री ली ट्रेडवेल नावाचे सहायक होते. ट्रेडवेल यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या हाताखाली शिकून ते दवाखान्याचं पुष्कळ काम सांभाळत. आपल्याकडचा जुना, मुरलेला कंपाउंडर आठवा, म्हणजे चित्र लगेच समोर येईल. इथेही पाया एकच: एका डॉक्टरबरोबर घालवलेली लांबलचक वर्षं. डॉक्टरला माहीत असतं की या माणसाला काय येतं आणि काय येत नाही.

नर्सेसचा रस्ता कुठे अडला

इथे तुम्ही विचाराल, अनुभवी माणसंच हवी होती तर नर्सेस होत्याच की! बरोबर. आणि स्टेड यांनी तिथूनच सुरुवात केली होती. १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्यूकमधल्या परिचर्या-शिक्षिका थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर त्यांनी नर्सेससाठी प्रगत क्लिनिकल अभ्यासक्रम आखला. पण परिचर्या-शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. डॉक्टरांनी शिकवायचं आणि डॉक्टरांची कामं नर्सेसकडे सोपवायची, हे परिचर्येच्या नेतृत्वाला पटणारं नव्हतं. त्यांना आपल्या व्यवसायाची स्वतंत्र ओळख हवी होती. पुढे १९६५ मध्येच कोलोराडोत लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा मार्ग सुरू केला, तो परिचर्येच्या आतूनच.

संशोधक म्हणून हा तपशील महत्त्वाचा आहे. 'पीए म्हणजे नेमकं कोणतं काम आणि त्यासाठी कोण योग्य?' असा विचार करून कोअरमन निवडले गेले असं वाटणं सोपं आहे. प्रत्यक्षात एक दार बंद झालं होतं आणि दुसऱ्या दाराशी अनुभवी माणसं उभी होती. संस्था अशाच घडतात. कोण उपलब्ध आहे यावरून अभ्यासक्रम ठरतो आणि मग काही वर्षांनी तोच अभ्यासक्रम तत्त्व म्हणून सांगितला जातो.

अनुभव कमी, तर वर्षं जास्त

माझ्या मुद्द्याची परीक्षा घ्यायची तर एक तुलना हवी. ती अमेरिकेतच मिळते.

१९६९ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड स्मिथ यांनी 'मेडेक्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थी पुन्हा लष्करातले अनुभवी वैद्यकीय सहायक. त्यांना काही महिने विद्यापीठात शिकवलं आणि बाकीचा मोठा काळ थेट ग्रामीण डॉक्टरच्या दवाखान्यात शिकायला पाठवलं. हा कोर्स ड्यूकपेक्षाही आटोपशीर होता.

त्याच्या एक वर्ष आधी, १९६८ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या अल्डरसन-ब्रॉडस कॉलेजात ह्यू मायर्स यांनी वेगळाच प्रयोग केला. त्यांनी शाळा संपवून आलेली मुलं घेतली. त्यांना रुग्णाचा कसलाच अनुभव नव्हता. तर त्या कोर्सचा कालावधी किती होता? चार वर्षं, पदवीचा कोर्स.

बघा, एकच व्यवसाय, एकच दशक. अनुभवी विद्यार्थी असतील तर कालावधी आखूड, नवखे असतील तर दुप्पट. सुरुवातीच्या लोकांना हे गणित ठाऊक होतं: एकूण तयारी म्हणजे कोर्सच्या आधीचा अनुभव अधिक कोर्स. एक बाजू कमी झाली की दुसरी वाढवायची.

पुढे अमेरिकेत व्यवसाय झपाट्याने बांधला गेला. १९६८ मध्ये पीएंची राष्ट्रीय संघटना झाली, १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा, १९७५ मध्ये प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र आयोग. आज तिथला कोर्स पदव्युत्तर पातळीचा आहे, सरासरी सव्वादोन वर्षांचा, आणि सगळ्या राज्यांत पीए औषधं लिहून देऊ शकतात. लष्करी कोअरमनची जागा केव्हाच विज्ञान पदवीधरांनी घेतली. पण जुन्या गणिताची एक खूण तिथे शिल्लक आहे. बरेच कोर्स प्रवेशाच्या आधीच रुग्णसेवेचे शेकडो तास मागतात. त्यामुळे रुग्णवाहिकेवर, नर्सिंग होममध्ये किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून काम करून मग अर्ज करणारे बरेच असतात.

अटलांटिक ओलांडताना काय मागे राहिलं

ब्रिटनमध्ये २००३च्या सुमारास वेस्ट मिडलँड्समधल्या काही जीपी दवाखान्यांनी अमेरिकेतून तयार पीए आणले. त्याच सुमारास युरोपियन कामाच्या तासांचा नियम शिकाऊ डॉक्टरांना लागू होत होता. २००४ पासून त्यांचे तास कमी होऊ लागले आणि २००९ मध्ये ते आठवड्याला ४८ वर आले. वॉर्डात माणसं कमी पडत होती. २००६ मध्ये आरोग्य खात्याने रॉयल कॉलेजांबरोबर पीएसाठी क्षमता आणि अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला. मग विद्यापीठांचे पदव्युत्तर डिप्लोमा सुरू झाले.

आराखड्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. कालावधी दोन वर्षं. त्यात किमान १६०० तास क्लिनिकल, म्हणजे रुग्णांजवळ. त्यातले ३५० तास रुग्णालयातल्या जनरल मेडिसिनसाठी. बालरोग, मानसिक आरोग्य, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक विभागासाठी किमान ९० तास. ९० तास म्हणजे पूर्णवेळ काम धरलं तर अडीच आठवडे!

आणि प्रवेश कोणाला? मुख्यतः जीवशास्त्राशी संबंधित पदवी असलेल्याला. रुग्णसेवेचा अनुभव असला तर चांगलंच, पण ती सगळीकडे सक्तीची अट नव्हती.

दोन वर्षं आली, पण ती ज्यावर उभी होती ती कोअरमनची वर्षं आली नाहीत. अमेरिकेत उरलेली प्रवेशपूर्व तासांची खूणही ठामपणे आली नाही. 'विज्ञानाची पदवी' ही त्या अनुभवाच्या जागी ठेवली गेली.

आपण सगळे विज्ञानवाले आहोत, म्हणून हे प्रामाणिकपणे तपासू. विज्ञानाच्या पदवीने काय येतं? पेशी, विकरं, रोगप्रतिकारशास्त्र, शोधनिबंध वाचण्याची सवय. कोअरमनला जे शिकायला सर्वात जड गेलं असेल, ते आपल्याला आधीच येतं. पण छातीत दुखतंय म्हणून आलेल्या दहा जणांतला कोणता माणूस आत्ता, या क्षणी धोक्यात आहे, हे बीएस्सीत शिकवत नाहीत. ते शेकडो रुग्ण बघून, चुका वेळेवर कोणीतरी पकडून दाखवल्यावर येतं. म्हणजे दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांत एकेक बाजू कच्ची आहे, फक्त बाजू वेगळी आहे. ज्याची बाजू वेगळी त्याचा कोर्सही वेगळा हवा, निदान तासांची वाटणी तरी वेगळी हवी.

आकडे वाढले, प्रश्न मागे पडला

सुरुवातीला संख्या इतकी कमी होती की हा प्रश्न कोणाला टोचला नाही. मग राजकारण आलं. २०१५ मध्ये जीपी दवाखान्यांसाठी १००० पीए देण्याची घोषणा झाली. २०१९ पासून दवाखान्यांच्या गटांना काही पदांचे पगार सरकारी निधीतून मिळू लागले. त्या यादीत पुढे पीए होते, पण जीपी नव्हते. नवे जीपी त्यात आले ते २०२४ मध्ये. म्हणजे दवाखान्याला डॉक्टर घ्यायचा तर स्वतःचा पैसा आणि पीए घ्यायचा तर सरकारचा. २०२३च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३६-३७ पर्यंत १०,००० पीए असं लक्ष्य होतं.

यात नवशिक्या पीएची अडचण समजून घ्या. कोर्स संपवून तो थेट जीपी दवाखान्यात बसला की त्याच्यासमोर येतो तो ज्याचं निदान अजून कोणीच केलेलं नाही असा रुग्ण. हे वैद्यकातलं सर्वात कठीण काम. वॉर्डात निदान बहुधा झालेलं असतं, आजूबाजूला माणसं असतात. दवाखान्याच्या खोलीत तो आणि रुग्ण, आणि हाताशी दहा-पंधरा मिनिटं. डॉक्टर शेजारच्या खोलीत, स्वतःच्या रांगेत अडकलेला.

२०२२ मध्ये लंडनमध्ये एका तरुण स्त्रीचा फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून मृत्यू झाला. जीपी दवाखान्यात तिला दोनदा पीएने तपासलं होतं आणि आपल्याला डॉक्टरांनीच तपासलं असा तिचा समज होता. ती गोष्ट संसदेपर्यंत पोचली. एका मृत्यूवरून अख्ख्या व्यवसायाचं मोजमाप करता येत नाही, निदान डॉक्टरांच्याही चुकतं. पण दोन प्रश्न त्यानंतर टाळता येईनात: या माणसाला कोणता रुग्ण एकट्याने बघता येतो? आणि रुग्णाला समोरचा कोण आहे हे कळतं का?

नाव कशासाठी बदलत राहिलं

दुसरा प्रश्न थेट नावाशी जातो. १९७०च्या आसपास अमेरिकेत ड्यूक आणि येलसारख्या ठिकाणी 'असोसिएट' हा शब्द वापरात आला, अधिक तयार सहायक वेगळे दिसावेत म्हणून. डॉक्टरांच्या संघटनेला तो रुचला नाही आणि 'असिस्टंट' टिकलं. ब्रिटनमध्येही सुरुवात 'असिस्टंट'नेच झाली, २०१३च्या सुमारास 'असोसिएट' आलं. २०२१ मध्ये अमेरिकी पीए संघटनेनेही 'असोसिएट' स्वीकारलं. आणि २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या अहवालाने 'असिस्टंट'कडे परत जा असं सांगितलं.

शब्द वर-खाली होताना बघितला की सीमारेषा कुठे सरकतेय ते कळतं. देखरेख सैल होते तेव्हा 'असोसिएट' पुढे येतो, देखरेख आवळली जाते तेव्हा 'असिस्टंट'. तुम्ही कुठल्याही व्यवसायावर काम करत असाल, तर पदनामांची एक साधी कालरेषा काढून बघा. खूप काही हाती लागतं.

२०२५चा अहवाल आणि परत आलेली दोन वर्षं

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये पीएंचं वैधानिक नियमन जनरल मेडिकल कौन्सिलकडे गेलं. त्याच सुमारास सरकारने जिलियन लेंग यांच्याकडे स्वतंत्र आढावा सोपवला आणि जुलै २०२५ मध्ये अहवाल आला. पीएंनी निदान न झालेले रुग्ण बघू नयेत, ठरवून दिलेल्या राष्ट्रीय नियमावलीच्या चौकटीतले अपवाद सोडून. नाव 'असिस्टंट' करावं. डॉक्टरांपासून वेगळे ओळखू येतील असे कपडे, बिल्ले असावेत. आणि माझ्या दृष्टीने सर्वात बोलकी शिफारस: जीपी दवाखान्यात किंवा मानसिक आरोग्य सेवेत जाण्याआधी नव्या पीएने किमान दोन वर्षं रुग्णालयात काम करावं.

ही शिफारस पुन्हा वाचा. १९६५ मध्ये जो अनुभव कोर्सच्या आधी होता, तो साठ वर्षांनी कोर्सच्या नंतर जोडला जातोय. अल्डरसन-ब्रॉडसच्या चार वर्षांचं गणितच दुसऱ्या दाराने परत आलं.

याची किंमत मात्र आधीच शिकून बसलेल्यांनी मोजली. ब्रिटनमधल्या साधारण साडेतीन हजार पीएंनी त्या काळी जी अट होती ती पूर्ण केली होती. फी भरून, परीक्षा देऊन ते बाहेर पडले आणि नोकऱ्या आटल्या. नियम चुकीचा आखला तर दोष नियमाचा, पण भोगावं लागतं विद्यार्थ्याला आणि रुग्णाला.

पुरावा काय म्हणतो?

आता तुम्हाला दुसरी बाजूही दाखवायला हवी. २०१५ मध्ये व्हॅरी ड्रेनन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या १२ जीपी दवाखान्यांत त्याच दिवशी भेट मागून आलेल्या रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. पीएने बघितलेले आणि डॉक्टरांनी बघितलेले, दोन्ही गटांत रुग्ण परत येण्याचं प्रमाण सारखंच निघालं. मग माझा मुद्दा कोसळला का?

नाही, पण तो अधिक नेमका करावा लागतो. असा निबंध वाचताना विचारा: या पीएंना आधीचा अनुभव किती होता? त्यांच्याकडे कोणते रुग्ण पाठवले जात होते? देखरेख करणाऱ्या डॉक्टरला किती वेळ होता? 'परत येणं' या मापात चुकलेलं दुर्मिळ पण गंभीर निदान दिसेल का? २०२५ मध्ये ट्रिश ग्रीनहाल्ग आणि मार्टिन मॅकी यांनी ब्रिटनमधल्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यातही पुरावा थोडा आणि सुरक्षिततेबाबत अपुराच दिसला. इतकी वर्षं, इतकी घोषणाबाजी आणि अभ्यास मोजके! संशोधकांसाठी ही मोकळी जागा आहे.

आपल्याकडे बघायचं ते असं

भारतात पीएचं प्रशिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झालं. इथे गरज होती ती शस्त्रक्रिया विभागाची, म्हणजे निदान झालेल्या रुग्णांभोवतीची. २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात फिजिशियन असोसिएटचा समावेश झाला.

आपल्याकडे याहून जुनी एक गोष्ट आहे. स्वातंत्र्यापूर्वी लायसेन्शिएट डॉक्टर असत. मुंबई इलाख्यात 'एलसीपीएस' ही अक्षरं पाटीवर दिसत, आणि पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल असे डॉक्टर तयार करत असे. १९४६ मध्ये भोर समितीने एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' असावा असं सांगितलं, काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला. त्याच वर्षी बी. जे.चं कॉलेज झालं. आखूड प्रशिक्षणाचं दार आपण बंद केलं, पण खेड्यातली गरज तशीच राहिली. म्हणून २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा कोर्स काढला आणि तो वादात सापडला. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांचं प्रमाणपत्र फक्त सहा महिन्यांचं, पण प्रवेश बीएएमएस किंवा नर्सिंग झालेल्यांना. तेच गणित पुन्हा: आधीची वर्षं मोजली तर सहा महिने समजतात, नाही मोजली तर हास्यास्पद वाटतात.

तर मित्रांनो, कुठल्याही प्रशिक्षणाच्या इतिहासावर काम करणार असाल तर वहीत तीन रकाने आखा: प्रवेशाची अट, कोर्सचा कालावधी, आणि बाहेर पडल्यावर पहिल्या दिवशी दिलेलं काम. दर दशकासाठी एक ओळ भरा. एका रकान्यात बदल झाला आणि उरलेले दोन हलले नाहीत, अशी ओळ सापडली की तिथे थांबा. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक तिथेच आहे.

आणि स्वतः पीएच्या कोर्सला जायचा विचार असेल, तर विद्यापीठाला फी विचारण्याआधी तिसऱ्या रकान्याबद्दल विचारा. पहिल्या दिवशी माझ्यासमोर कोणता रुग्ण असेल, आणि माझ्या शेजारी कोण असेल?